सोनेरी शमादान

दिवाळीच्या आधी तुमच्याकडे समई कोण घासतं? आमच्या मांजरीत तरी हे काम हमखास मुलांवर येतं. चिंच लावा, राख लावा, हात काळे करा! मग ती अशी झळकते, की सोन्याचीच वाटावी.

"बाई, ही खरंच सोन्याची आहे?" शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारलंच. लहानपणीच गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या आठवणीसाठी डॉ. दिनकर केळकरांनी हे संग्रहालय उभारलं आणि १९७५ मध्ये सरकारला देऊन टाकलं. तिथल्या समया, लामणदिवे बघताना पाय निघत नाही. पण ते सोनं नव्हे हो, पितळ! म्हणजे तांबं आणि जस्त.

सोन्याचा मुलामा दिलेले दिवे इटलीत होत असत. त्यांची गंमत ऐका. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली पाँपेई शहर गाडलं गेलं. १७४८ पासून तिथे खोदकाम सुरू झालं, तेव्हा ब्राँझच्या उंच दिवठाणी निघाल्या. तळाशी जनावराच्या पंजासारखे तीन पाय, सडपातळ दांडी आणि वर तेलाचा दिवा. आपल्या समईची मावसबहीणच की! श्रीमंतांना या जुन्या घडणीचं वेडच लागलं. रोममध्ये लुइजी वालादिएर यांच्यासारखे कारागीर तशा धाटणीच्या वस्तू घडवू लागले. फक्त आता तेलाच्या जागी मेणबत्त्या आल्या, एका दांडीला अनेक फांद्या फुटल्या आणि ब्राँझवर सोनं चढलं. मेणबत्त्या लावायच्या अशा दिव्याला आपल्याकडे शमादान म्हणतात.

सोनं चढवायचं कसं? सोनं पाऱ्यात विरघळतं. लोण्यासारखा झालेला तो लगदा ब्राँझला माखायचा आणि निखाऱ्यांवर तापवायचा. पारा वाफ होऊन उडून जाई, सोनं चिकटून राही. उडून जाई म्हणजे कुठे? कारागिराच्या छातीत! त्याचे हात थरथरू लागत, दात हलू लागत. (घरातला जुना पाऱ्याचा थर्मामीटर फुटला, की मोठी माणसं ते थेंब हाताळू का देत नाहीत, कळलं?) अशा शमादानाचं चित्र पाहिलं, की मला आधी ते थरथरणारे हात दिसतात.

१८४० मध्ये इंग्लंडात एल्किंग्टन यांनी विजेने मुलामा देण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि पाऱ्याच्या भट्ट्या हळूहळू विझत गेल्या. बाजारात 'वन ग्रॅम'चे दागिने मिळतात ना, त्यांतल्या बहुतेकांवर सोनं असं विजेनेच चढवतात. ते मात्र चिंचेने घासू नका हं, सोनंच निघून येईल.