लाख माणसांची बैठक

लाख माणूस एका जागी म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे पंढरीचे वाळवंट उभे राहते. अमेरिकेतल्या ॲन आर्बर या कॉलेजगावी मात्र हंगामात लाख माणूस आपापला नंबर शोधून बाकावर बसते! भाच्याच्या आग्रहाने गेल्या शरदात तिकडे जाणे झाले, आणि ही मौज याचि डोळा पाहिली.

मिशिगन विद्यापीठाचे हे स्टेडियम १९२७ सालचे. बराचसा भाग जमिनीत खणलेला असल्याने रस्त्यावरून त्याचा अंदाजच येत नाही. आत पाऊल टाकावे, तो आपण एका प्रचंड वाडग्याच्या काठावर उभे! आसने १,०७,६०१, तीन वानखेडे पोटात घालून वर जागा उरेल. त्या आकड्यातला शेवटचा ‘एक’ फ्रिट्झ क्रिस्लर या जुन्या प्रशिक्षकाच्या मानाचा. ते आसन नेमके कुठे, हे गुपित आहे. आपल्या पंक्तीत देवाचे पान असते ना, तसेच हे.

खेळ नावाचा फुटबॉल. चेंडू लांबट आणि बहुतेक कारभार हातांचा. मला तो फारसा उमगला नाही. मी आपला माणसेच पाहत राहिलो. गावची वस्ती सव्वा लाखाची, म्हणजे जवळजवळ दुसरे गावच त्या वाडग्यात मावले होते.

लाखावरची अशी स्टेडियमे तिकडे आणखीही आहेत. ओहायोचे १,०२,७८० आसनांचे, टेक्ससचे काइल फील्ड १,०२,७३३ चे. सारी विद्यापीठांची! धंदेवाईक संघांचे सर्वांत मोठे, न्यू जर्सीतले, ८२,५०० वर थांबते. खुर्च्यांऐवजी लांब बाक आणि जुन्या विद्यार्थ्यांचा लोभ, यांवर कॉलेजवाल्यांची ही श्रीमंती उभी आहे. पेन्सिल्वेनियातल्या बीव्हर स्टेडियमची तर कथाच निराळी. १९६० साली त्याचे सातशे तुकडे करून मैलभर दूर नेले आणि पुन्हा जोडले. आज त्याचीही गणना लाखावरच्यांत होते.

मूळ जागेवरून उचलून दुसरीकडे जोडलेले, आणि तिथेच वाढलेले! मला आमचे उल्हासनगर आठवले. महायुद्धात सहा हजार सैनिक आणि तीस हजार इतर माणसे राहावीत म्हणून कल्याणजवळ ही लष्करी छावणी उभारली. फाळणीनंतर तिच्या बराकींत सुमारे एक लाख सिंधी निर्वासित उतरले. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती ५,०६,०९८ भरली.

कॅम्प नंबर तीनमधले माझे शेजारी सहा वर्षांचे असताना सिंधमधून आले. बराकीत तरटाचे पडदे लावून चार कुटुंबे राहत, हे ते आजही सांगतात. परतल्यावर मी त्यांना ते १,०७,६०१ आसनांचे वर्णन रंगवून सांगितले.

दादांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “प्रोफेसरसाहेब, सामना संपल्यावर ही सगळी माणसे जातात कुठे?”

“कुठे म्हणजे? आपापल्या घरी!”

“मग लाख काय, दोन लाखही बसतील,” दादा म्हणाले, आणि त्यांनी चहा माझ्यापुढे सरकवला.