एकशेवीस तास

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी साडेसहाला, लिस्बनच्या विमानतळावरच्या काट्यावर मी खारीकला तिच्या पिशवीसकट ठेवलं. सात किलो तीनशे ग्रॅम. पिशवी धरून आठ किलोंच्या आत असलेल्या कुत्र्याला बऱ्याच युरोपीय विमान कंपन्या माणसांबरोबर केबिनमध्ये घेतात, फक्त पिशवी समोरच्या सीटखाली मावली पाहिजे. त्याहून जड असेल तर पिंजऱ्यात घालून खालच्या कप्प्यात. सहा आठवडे तिचं जेवण मी मोजूनमापून देत होते. काट्यावरचा आकडा बघून जीव भांड्यात पडला.

तासाभराने फलकावर हेलसिंकीच्या नावापुढे ‘रद्द’ हा शब्द उमटला.

खारीक अस्सल लिस्बनकर. मोन्सांतूच्या टेकडीवर नगरपालिकेचं प्राण्यांचं निवारागृह आहे, तिथून तीन वर्षांपूर्वी आम्ही तिला आणलं. रंग खारकेचा, कान उभे, पाय काटक. नवऱ्याला हेलसिंकीत नोकरी मिळाली आणि तो जानेवारीत पुढे गेला. घर आवरून मागाहून निघायचं होतं आम्हा दोघींना.

कागदपत्रं म्हणाल तर फार नाहीत. युरोपीय संघात एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या कुत्र्या-मांजरांना निळ्या रंगाचा पासपोर्ट असतो. त्यात फोटो ऐच्छिक, कारण खरी ओळख मानेजवळ कातडीखाली बसवलेल्या चिपमधल्या १५ आकड्यांची. आधी चिप आणि मग रेबीजची लस, हा क्रम उलटा झाला तर ती लस धरली जात नाही. पहिली लस बाराव्या आठवड्यानंतर, आणि तिच्यापुढे २१ दिवसांची वाट. खारीकचं हे सगळं केव्हाच झालेलं होतं.

उरली होती एक गोळी.

फिनलंडमध्ये कुत्रा न्यायचा तर त्याला पट्टकृमीवरचं औषध द्यावं लागतं. नाव प्राझिक्वांटेल. ते पशुवैद्याच्या हातूनच दिलं गेलं पाहिजे, पासपोर्टात तारखेबरोबर वेळही नोंदवली पाहिजे, आणि त्या वेळेपासून २४ तासांनंतर, पण १२० तासांच्या आत, कुत्रा देशात शिरला पाहिजे. आयर्लंड, माल्टा आणि नॉर्वेचाही हाच नियम. मांजरांना तो लागू नाही. आमच्या डॉक्टरीणबाईंनी बुधवारी सकाळी अकराला गोळी दिली होती. म्हणजे मुदत सोमवारी सकाळी अकराला संपणार, हेलसिंकीच्या घड्याळात दुपारी एकला.

विमान कंपनीच्या माणसाने शनिवारची आणि रविवारची फेरी बघितली. माझ्यासाठी जागा होती, खारीकसाठी नव्हती. केबिनमध्ये एका फेरीत मोजकेच प्राणी घेतात, आणि ती संख्या भरलेली होती. जागा मिळाली ती सोमवारची. हेलसिंकीला पोहोचायची वेळ दुपारी साडेचार.

साडेतीन तासांनी हुकत होतं. मी काउंटरपाशीच खाली बसले आणि मला रडू कोसळलं. घर सोडलेलं, किल्ल्या दिलेल्या, आणि एवढ्याशा तीन-साडेतीन तासांनी असा काय अनर्थ होणार होता? नियम मोडला तर कुत्रा परत पाठवतात, किंवा मालकाच्या खर्चाने वेगळा ठेवतात. दोन्ही अशक्य असेल तर शेवटचा उपाय म्हणून त्याला मारण्याचीही तरतूद कायद्यात आहे. ते वाक्य मी महिनाभरापूर्वी वाचलं होतं. तेव्हापासून ते डोक्यातून गेलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, “उद्या सकाळी दहाला या. पुन्हा गोळी देऊ. तिला काही अपाय होणार नाही.” त्या रात्री आम्ही एका मैत्रिणीच्या सोफ्यावर झोपलो.

शनिवारी दहा वाजून वीस मिनिटांनी खारीकने दुसरी गोळी गिळली. डॉक्टरीणबाई पासपोर्टात वेळ लिहीत होत्या तेव्हा मी त्यांना विचारलं, की एवढे तास कसले मोजता? त्यांनी पेन खाली ठेवलं आणि कागदावर आधी एक कोल्हा काढला, मग एक उंदीर.

हा कृमी कोल्ह्याच्या आतड्यात राहतो. लांबी जेमतेम दोन ते चार मिलिमीटर. विष्ठेतून त्याची अंडी रानात पडतात. ती रानउंदराच्या पोटात जातात आणि तिथे अळ्या होतात. तो उंदीर कोल्ह्याने किंवा कुत्र्याने खाल्ला की चक्र पुरं होतं. अशा कुत्र्याला सहसा काहीच होत नाही. तो खेळतो, उड्या मारतो, आणि जाईल तिथे अंडी टाकतो. ती अंडी माणसाच्या पोटात गेली तर मात्र अळ्या यकृतात घर करतात आणि गाठीसारख्या पसरत जातात. पाच, दहा, कधी पंधरा वर्षं माणसाला काही कळत नाही. वेळेवर उपचार झाले नाहीत तर माणूस जातो.

गोळी पोटातले कृमी मारते, पण तिचा पहारा पुढे टिकत नाही. दुसऱ्या दिवशी कुत्र्याने पुन्हा उंदीर खाल्ला तर सगळं पहिल्यापासून. म्हणून वरची मर्यादा १२० तासांची. आणि औषधाने आपलं काम करावं, पोटातलं जे काही असेल ते सीमेच्या अलीकडेच पडावं, म्हणून खालची २४ तासांची.

“फिनलंडमध्ये हा कृमी नाही,” त्या म्हणाल्या. “आणि तिथली माणसं रानात जाऊन बेरी तोडतात, तिथल्या तिथे खातात.”

माझा राग तिथेच गेला.

सोमवारी पहाटे खारीकला थोडंसं खायला घातलं, घोटभर पाणी दिलं, विमानतळाबाहेर फिरवून आणलं. झोपेचं औषध डॉक्टरीणबाईंनी आधीच नाकारलं होतं. गुंगीत रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो, आणि हवेत असताना मदतीला कोण येणार? त्याऐवजी डिसेंबरपासून ती पिशवी आमच्या घरात उघडी पडलेली असे. आत माझी जुनी सुती ओढणी. खारीक तिथेच खायची, तिथेच झोपायची. ज्यांना कुत्रा न्यायचा आहे त्यांनी सर्वांत आधी हे करावं. बाकी सगळं पैशाने होतं, ही सवय होत नाही.

सुरक्षा तपासणीला पिशवी यंत्रातून जाते आणि कुत्रा आपल्या कडेवर. पट्टा काढून मी तिला उचललं आणि चौकटीतून पलीकडे गेले. तिचं काळीज माझ्या तळहातावर धडधडत होतं. पलीकडे उभ्या असलेल्या पोर्तुगीज बाईंनी हातमोजा काढून तिच्या कपाळावरून बोट फिरवलं.

पाच तासांचा प्रवास. विमान उठताना ती थरथरली, मग ओढणीत नाक खुपसून पडून राहिली. मी जाळीतून दोन बोटं आत ठेवली होती. जेवण आलं तेही एका हातानेच खाल्लं. उतरताना तिचे कान दुखू नयेत म्हणून बोटाला चीज लावून चाटायला दिलं. खिडकीतून खाली बघितलं तर समुद्र पांढरा होता, गोठलेला, आणि त्यात झाडी असलेली छोटी छोटी बेटं.

हेलसिंकी-वांता विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापलीकडे एका कस्टम्स अधिकारी बाईंनी थांबवलं. चिप वाचायचं यंत्र खारीकच्या मानेवरून फिरवलं, ते वाजलं, आकडे पासपोर्टाशी जुळले. मग त्यांनी गोळीचं पान उघडलं. शनिवार, दहा वीस. त्यांनी मनात हिशेब केला, मीही केला. बावन्न तास. पासपोर्ट बंद करून त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि बाजूला झाल्या.

शहरात जाणाऱ्या लोकल गाडीत खारीकला तिकीट लागलं नाही. बाहेर उणे आठ. स्टेशनबाहेर नवरा उभा होता, हातात लाल लोकरीचं जॅकेट, तिच्या मापाचं. तिने बर्फावर पहिला पाय ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला, आणि त्याच्याकडे धावत सुटली.

जुलैत आम्ही हेलसिंकीजवळच्या नूक्सिओच्या जंगलात गेलो. फिनलंडमध्ये रानातली बेरी कोणीही तोडू शकतं, जमीन कोणाचीही असो. घोट्याएवढ्या झुडपांना मुस्तिक्का नावाची निळी-काळी बेरी लगडली होती. एक आजी आपल्या नातीला घेऊन बादली भरत होत्या. नात बादलीत कमी आणि तोंडात जास्त टाकत होती, ओठ जांभळे झालेले. खारीक पट्ट्याला ओढ देत त्यांच्यापाशी गेली आणि त्या मुलीने तिला मिठी मारली.

फिनलंड, आयर्लंड, माल्टा किंवा नॉर्वेला कुत्रा नेणार असाल तर तिकीट काढतानाच तास कागदावर मांडा. शनिवार-रविवारी उघडा असणाऱ्या दवाखान्याचा नंबर जवळ ठेवा. विमान पुढे गेलं आणि मुदत साडेतीन तासांनीच काय, अर्ध्या तासाने जरी हुकत असेल, तरी गोळी पुन्हा द्या.