दुष्काळी वर्षातला हंगामाचा सण

शेतीखात्यात नोकरी करणाऱ्याच्या वाट्याला एक चमत्कारिक काम येतं. पीक आलं तर त्याचं कौतुक घरधनी करतो. पीक गेलं की मोजायला आम्हाला बोलावतात. तेव्हा पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की गाव दुष्काळी ठरायचं, हे शेतकरी वाचकांना मी सांगायला नको.

२०१२ साली आमच्या जालना जिल्ह्यावर तीच पाळी आली. पावसाने दगा दिला, विहिरींनी तळ गाठला आणि मोसंबीच्या बागा उभ्या जागी वाळू लागल्या. कपाशी गेली तर एक वर्ष जातं. बाग गेली म्हणजे हाताशी आलेला मुलगा गेल्यासारखं होतं. पंचनामे करीत हिंडताना कुणाच्या ओसरीवर टेकायला माझा जीव धजत नसे. बांधावर उभ्याउभ्या सह्या घ्यायच्या आणि फटफटीला किक मारायची. आमचं घर माळकरी. पण त्या दिवसांत हरिपाठ तोंडाने चाले आणि मनात हेक्टर-आर फिरत असत.

एका बागाइतदाराने पंचनाम्यावर सही केली, पेन परत दिलं आणि म्हणाला, "साहेब, आइतवारी आमच्यात हंगामाचा सण हाये. घरून बाईसाहेबांनाबी घेऊन या." मी त्याच्या बागेकडे पाहिलं. हंगाम कुठला आणि सण कशाचा! पण तसं बोलवेना. घरी सांगितलं, तर मंडळी म्हणाल्या, "देवाच्या दारी जायला मुहूर्त कशाला पाहिजे?"

हा गृहस्थ ख्रिस्ती. जालन्याकडे ख्रिस्ती शेतकरी कुठून आले, असं पुष्कळांना वाटतं. ब्राह्मण कुळातल्या नारायण शेषाद्री यांनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्यावरून त्याच साली केवढं वादळ उठलं आणि 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर त्याला स्वधर्मात परत घ्यावं म्हणून कसे उभे राहिले, हे इतिहासात आहेच. पुढे हे रेव्हरंड शेषाद्री जालन्याला आले. सालारजंग निजामाचे दिवाण असताना त्यांना जमीन मिळाली आणि तिच्यावर त्यांनी बेथेल नावाचं गाव वसवलं. बेथेल म्हणजे देवाचं घर. गावकुसाबाहेर ठेवलेल्या मांग-महार कुटुंबांना तिथे आसरा मिळाला. आमच्या बागाइतदाराचे पूर्वजही तिथलेच, असं त्याच्या घरात सांगतात.

रविवारी आम्ही गेलो. सतरंज्यांवर एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला डोईवर पदर घेतलेल्या बाया. पेटी, ढोलकी, टाळ. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं सुरू झाली आणि माझ्या बायकोने आपोआप टाळी धरली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक सांगत. आम्हाला त्या पुलावरून ऐलतीरी उभं राहून ऐकायला काहीच अडचण पडली नाही.

पाळकसाहेबांनी हबक्कूक संदेष्ट्याचा उतारा वाचला. पीक बुडालं, गोठा ओस पडला, तरी देवाचं नाव सोडणार नाही, अशा अर्थाचा. प्रवचन त्यांनी आटोपतं घेतलं, हे बरं केलं. समोरच्या प्रत्येकाला तो उतारा आपल्या शेतातलाच वाटत होता.

मग एकेकजण उठून वेदीपुढे आणलेलं ठेवू लागला. बाजरीची बारकी कणसं, पायलीभर ज्वारी, एक भोपळा, अंडी, पाय बांधलेला कोंबडा. एका म्हातारीने पदरातून दोन मोसंब्या काढल्या. लिंबाएवढ्या, साल सुकलेली. मी फळाच्या आकारावरून झाडाची अवस्था ओळखतो. ते झाड शेवटचं फळलं होतं. तिने त्या दोन्ही हातांनी ठेवल्या आणि हात जोडले. महिनाभर मी या शिवारात काय गेलं तेच लिहीत होतो. काय आलं, हे मोजणारी माणसं तिथे पहिल्यांदा पाहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही.

उपासनेनंतर त्या मालाचा लिलाव झाला. मोसंब्या एकाने पन्नासला घेतल्या आणि पुन्हा लिलावात ठेवल्या. दुसऱ्याने सत्तरला घेतल्या, त्यानेही परत ठेवल्या. तिसऱ्या खेपेला मी शंभराची बोली केली. एक घरी आणली, देवापुढे ठेवली. दुसरी आम्ही दोघांनी तिथेच लिंबाखाली सोलून खाल्ली. रस थोडा, पण गोडी पुरती होती.

पिठलं-भाकरीच्या पंगतीनंतर बागाइतदार शेजारी येऊन बसला. "सगळी तोडून टाकू का, साहेब?" त्या दिवशी मला घाई नव्हती. दोनशे झाडांपैकी टँकरच्या पाण्यावर किती जगतील, याचा आम्ही बोटांवर हिशेब केला. विहिरीजवळची साठ धरायची, बाकीच्यांचा मोह सोडायचा. होती-नव्हती ती फळं उतरवायची, वाळक्या फांद्या छाटून कापाला बोर्डोपेस्ट लावायची, आळ्यात सोयाबीनच्या भुश्याचं जाड आच्छादन करायचं, बुडाशी मडकी पुरून वातीने पाणी झिरपवायचं. त्याची बायको मध्येच म्हणाली, "मडकी मी आणते माहेरून." तिचं माहेर कुंभारवाड्याच्या शेजारी होतं.

त्या साठांतली एकेचाळीस झाडं पुढचा पावसाळा पाहायला उभी होती.