उरलेले व्ह्यू

गेल्या रविवारी रेव्हिटमधली गावच्या घराची फाईल साफ करायला बसले. घर 2009 सालीच पाडलं, पण बाबांना विचारून विचारून मी ते मॉडेलमध्ये परत उभं करतेय.

एलिव्हेशनचा मार्कर ठेवला की एक व्ह्यू तयार होतो. बाकीच्या बाजूंच्या चौकोनांवर टिचक्या मारल्या की आणखी तीन. नावं आपोआप पडतात, 'एलिव्हेशन 1 - ए' वगैरे, आणि ती बदलायचा कंटाळा (मला तरी) येतोच! असे पंचवीसेक साठले होते. शीटवर न लावलेले सगळे निवडले आणि उडवले. काय हलकं वाटलं म्हणून सांगू...

संध्याकाळी लक्षात आलं, त्यातलाच एक परसदाराचा होता. भिंती, खिडक्या मॉडेलमध्ये असतात, त्या कुठे जात नाहीत. नवा मार्कर ठेवला की परत दिसतात. पण मापं आणि मजकूर त्या व्ह्यूपुरतेच. व्ह्यू गेला की तेही गेले. बाबा सांगतील ते मी तिथेच लिहीत होते: कंदिलाची खुंटी, न्हाणीचा धूर जायचा झरोका, आजी ताक घुसळायची तो खांब. बॅकअप तीनच ठेवले होते आणि तोवर चारदा सेव्ह करून झालं होतं.

फोन केला. "बाबा, परसदारची खिडकी किती उंचावर होती हो?"

"अगं, माझ्या छातीशी यायची."

मागच्या वेळी कमरेशी म्हणाले होते. बहुतेक.

मी छातीशी लिहिलं आणि व्ह्यूला नाव दिलं, 'परसदार - पुसू नये'.