पनवेलचा थांबा, चहाचा पेला

कोकणच्या वाटेवर पनवेल हा जुना विसावा. १८५२ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली, तेव्हा खाडीतून मालाची ये-जा चाले. आज जवळच्या पळस्पे फाट्यावरून गोव्याचा रस्ता वेगळा होतो. पुढचा पल्ला लांबचा, म्हणून चहाची आठवण येथेच होते.

तरीही अनेक ज्येष्ठ वाटेत लघवीला जावे लागेल या धास्तीने चहाच काय, पाणीही टाळतात. ही काटकसर महागात पडते. उकाड्यात शरीरातले पाणी घटले की चक्कर येते, तोल जातो, बद्धकोष्ठ वाढते. म्हणून आपण सोबत असाल तर आधी स्वच्छतागृह दाखवा, मग चहा मागवा. पाणी मोजून पिण्याचा सल्ला असलेल्यांनी मात्र डॉक्टरांचे प्रमाण पाळावे.

चहा समोर उकळलेला असावा; मधुमेह असल्यास बिनसाखरेचा सांगावा. थायरॉईडची गोळी घेतल्यावर निदान अर्धा तास, शक्यतो तासभर थांबावे. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये. चहामुळे लोह कमी शोषले जाते. हात थरथरत असतील तर पेला अर्धाच भरावा.

रेल्वेचा थांबा थोड्या मिनिटांचा असतो. ज्येष्ठांना फलाटावर न उतरवता चहा जागेवर आणून द्या. मोटारीने जाणार असाल तर निघतानाच या विसाव्याची वीस मिनिटे हिशेबात धरा. घाई नसली, की चहा गोड लागतो आणि वडीलधाऱ्यांना आपण ओझे झालो असे वाटत नाही.