तीस बुड्या

आमच्या अण्णांनी जन्मात तीन गोष्टी कधी सोडल्या नाहीत. सकाळी अंघोळ झाली की डोक्याला खोबरेल तेल चोपडणे, जेवणानंतर तंबाखूचा बार भरणे आणि धाकट्या भावाला, म्हणजे मला, अक्कल शिकवणे. यांतल्या पहिल्या दोन एका लोखंडी खोलीने त्यांच्याकडून सोडवल्या. तिसरी तिलाही साधली नाही.

आमचे घर शहाडला. कल्याण सोडून कसाऱ्याकडे निघालेली गाडी पहिल्यांदा थांबते ते हे स्टेशन. शहाड म्हटले की लोकांना सेंच्युरी रेयॉनची धुराडी आठवतात, कुणाला बिर्लांचे विठ्ठलमंदिर आठवते. मला मात्र आठवतो तो मुरबाडच्या रस्त्यावरचा पूल आणि त्याखालची उल्हास नदी. तिच्या डोहात अण्णांनीच मला बुडी मारायला शिकवले. तळाची वाळू मुठीत घेऊन वर आले तरच बुडी खरी, असा त्यांचा कायदा होता. खाली जाताना कानात कोणीतरी सुई टोचल्यासारखे होई. मी रडत वर आलो की ते म्हणत, "नाक धर आणि तोंड मिटून फुंकर मार, म्हणजे कान उघडतील." साठ वर्षांनी हेच वाक्य एका तरुण डॉक्टरने अण्णांना ऐकवले, तेव्हा ते माझ्याकडे बघून विजयी मुद्रेने हसले.

पण हसण्यासारखे त्या वेळी फारसे काही नव्हते. अण्णांना मधुमेह वीस वर्षांचा. चपलेचा खिळा वर आला होता आणि तो त्यांच्या तळव्यात दोन दिवस टोचत राहिला, तरी त्यांना त्याचा पत्ता नाही. वहिनींनी फरशीवर रक्ताचे ठसे पाहिले तेव्हा उलगडा झाला. दुखले नाही, हेच त्यांचे दुखणे होते. साखरेने पायाच्या नसा कधीच बधिर केल्या होत्या. जखम हळदीने आणि गावातल्या मलमपट्टीने बरी होईल, या भरवशावर आम्ही तीन आठवडे घालवले. करंगळी काळी पडली. मग मुंबईच्या एका रुग्णालयात शल्यचिकित्सकांनी पाय पाहिला आणि घोट्याच्या वर बोट टेकवून सांगितले, "वेळ आली तर इथून." वहिनी त्या बोटाकडेच पाहत राहिल्या. अण्णांनी विचारले, "आणि वेळ आणायचीच नसेल तर?"

त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आधी पायाची आकसलेली रक्तवाहिनी फुग्याने रुंद केली, करंगळी काढली, आणि मग तीस दिवस दाबाखालचा प्राणवायू घ्यायचा असे ठरले.

मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस. वर्गात शिकवलेला नियम आपल्याच घरात औषध होऊन येईल, अशी कल्पना नव्हती. सोड्याची बाटली उघडली की फसफसते, कारण दाबाखाली पाण्यात विरघळलेला वायू दाब सुटताच बाहेर पडतो. वायूवर दाब जितका जास्त तितका तो द्रवात अधिक विरघळतो, हे विल्यम हेन्रीने १८०३ साली सांगितले. आपल्या रक्तात प्राणवायू वाहण्याचे काम तांबड्या पेशी करतात आणि निरोगी माणसात त्यांच्या जागा आधीच जवळजवळ भरलेल्या असतात. कल्याणहून सकाळी सुटणाऱ्या गाडीसारख्या. फलाटावर कितीही माणसे आणून उभी केली तरी बाके वाढत नाहीत. पण दाब वाढवला की प्राणवायू तांबड्या पेशींची वाट न पाहता रक्तातल्या पाण्यातच विरघळतो. एरवी शंभर मिलिलिटर रक्तात असा विरघळलेला प्राणवायू सुमारे ०.३ मिलिलिटर असतो. तिप्पट दाबाखाली शुद्ध प्राणवायू घेतला तर तो ६ च्या आसपास जातो. इतका की स्वस्थ पडलेल्या देहाची गरज त्यावर भागावी. ॲमस्टरडॅमच्या ईटे बूरेमा या शल्यचिकित्सकाने हे डुकरांवर करून दाखवले आणि १९६० साली प्रसिद्ध केले. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी जवळजवळ सगळ्या काढून घेतल्या, तरी ती दाबाच्या खोलीत जिवंत राहिली. मी हे अण्णांना मोठ्या उत्साहाने सांगितले. "म्हणजे डुकराला जमले ते मला जमेल, असेच ना?" एवढेच ते म्हणाले.

जखमेला या प्राणवायूचा उपयोग काय? उपाशी पडलेल्या मांसाला तो पोचतो, नव्या केशवाहिन्या फुटायला मदत होते, आणि जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही दारूगोळा मिळतो. ही विद्या मुळात पाणबुड्यांची. खोल पाण्यातून घाईने वर येणाऱ्याच्या रक्तात सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे होतात आणि माणूस लुळा पडतो. त्याला पुन्हा दाबाखाली नेऊन सावकाश वर आणावे लागते. कुलाब्याला अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयाच्या आवारात नौदल वैद्यक संस्था आहे, तिथे हे शास्त्र पाणबुड्यांसाठी जोपासले गेले. म्हणूनच की काय, आमच्या रुग्णालयातले लोकही एका बैठकीला 'डाइव्ह' म्हणत. अण्णांनी त्याचे लगेच मराठी केले : बुडी.

पहिल्या बुडीआधी छातीचा फोटो काढला, कान तपासले. फुप्फुसाभोवती हवा कोंडलेली असेल तर या खोलीत पाऊलही ठेवू देत नाहीत. मग नियमांची यादी वाचली गेली. घड्याळ नाही, मोबाइल नाही, काडेपेटी नाही, अत्तर नाही, डोक्याला तेल नाही. कपडे फक्त सुती आणि तेही रुग्णालयाचे. कृत्रिम धाग्याच्या कारखान्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाला सुती लेंगा-सदरा घालायला लावला, याची गंमत त्यांच्याखेरीज कोणाला कळली नाही. तेलावरून मात्र हुज्जत झाली. तेव्हा तिथल्या परिचारिकेने शांतपणे सांगितले की, प्राणवायूने भरलेल्या जागी एक ठिणगी पुरते. १९९७ साली मिलानच्या एका रुग्णालयात अशाच खोलीला आग लागून अकरा माणसे गेली. अण्णा निमूटपणे मोरीत जाऊन डोके धुऊन आले. तंबाखूची चंची तिने स्वतः मागून घेतली. तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात. एका हाताने आवळायच्या आणि दुसऱ्या हाताने प्राणवायू ढकलायचा, हा व्यवहार तिला मान्य नव्हता.

खोली म्हणजे आडवे ठेवलेले लोखंडी पिंप, आत समोरासमोर सहा खुर्च्या, भिंतीला गोल खिडक्या. मी बाहेरच्या बाकावर बसून खिडकीतून पाही. दार लागले की आत वाऱ्याचा आवाज सुरू होई, हवा तापे, आणि सहाही माणसे एकदम नाक धरून गाल फुगवीत. सुमारे चौदा मीटर खोल पाण्याइतका दाब झाला की तोंडावर मुखवटे चढत. मधूनमधून पाच मिनिटे मुखवटा काढून साधी हवा घ्यायची, कारण अती प्राणवायूनेही क्वचित कोणाला झटका येतो. वर येताना खोली गार पडे आणि आत धुके धरे. सगळे मिळून दोन तास. मधुमेह्यांची साखर आत उतरते, म्हणून आधी तपासणी आणि पोटात दोन पोळ्या, हा दंडक. दुखत काही नाही. कंटाळा मात्र भरपूर. चौथ्या दिवशी सर्दीमुळे अण्णांचा कान ठणकला, तेव्हा एक बुडी चुकली.

त्या पाच-सहा आठवड्यांत खोलीतली माणसे ओळखीची झाली. एक बाई कर्करोगावरच्या किरणांनी वर्षांनंतर जखम झालेल्या. एक मुलगा दोनच दिवस आला. बंद न्हाणीघरातल्या गॅसच्या बंबाने त्याला बेशुद्ध केले होते. तो विषारी वायू साध्या हवेत अर्धा उतरायला चार-पाच तास लागतात, त्या दाबाच्या प्राणवायूत वीस-पंचवीस मिनिटे.

हा उपाय सर्व रोगांवर चालतो असे मात्र कोणी सांगू लागले तर उठून यावे. असे सांगणारी एक जाहिरात आमच्याच वाटेवर लागलेली होती. तीत टक्कल होते, तारुण्य होते, मुलांची मतिमंदता होती. जाणते लोक जेमतेम चौदा-पंधरा आजार मोजतात. मधुमेहाच्या पायाचेही नाणे खणखणीत नाही. स्वीडनमधल्या २०१० च्या चाचणीत वर्षअखेर ५२ टक्के रोग्यांच्या जखमा भरल्या, नुसत्या दाबाच्या हवेत बसलेल्यांच्या २९ टक्के. कॅनडातल्या २०१६ च्या चाचणीत मात्र काही फरकच दिसला नाही. हे मी एका रात्री वाचले आणि सकाळी कोणाला सांगितले नाही. वहिनींच्या पाटल्या तोपर्यंत सोनाराकडे गेल्या होत्या.

येण्याजाण्याचे हाल वेगळेच. बांधलेला पाय घेऊन अण्णा शहाडच्या फलाटावर उभे राहत आणि मी त्यांना अपंगांच्या डब्याकडे नेऊ लागलो की हात झटकून टाकीत. "मी अजून पुरता आहे." मी गर्दीत दोन्ही हातांचे कुंपण करून त्यांच्या पायाभोवती उभा राही. अठराव्या दिवशी, पावसाने गाड्या उशिरा होत्या, ते आपण होऊन त्या डब्याकडे चालू लागले. डब्यात कुबडी घेतलेल्या एका पोराने सरकून जागा दिली. अण्णा दादरपर्यंत काही बोलले नाहीत. त्या दिवशी मला वाटले, पाय गेला.

बाविसाव्या बुडीनंतर पट्टी सोडताना डॉक्टरांनी मला जवळ बोलावले. जखमेच्या तळाला लालभडक, दाणेदार मांस धरले होते, डाळिंब फोडल्यासारखे. तीस झाल्या आणि पुढे अडीच महिन्यांनी जखम मिटली. कशाने मिटली, मी विचारले. फुग्याने, साखर ताब्यात आल्याने, रोजच्या पट्टीने की प्राणवायूने? डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, "वाटणी करता येणार नाही. पाय आहे, तो घेऊन जा."

अण्णांचा स्वतःचा निकाल कधीच लागला होता, आणि तोही पायावरून नव्हे. पंचविसाव्या बुडीच्या सुमारास त्यांना चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचता येऊ लागले. शहाडभर ते सांगत सुटले की, प्राणवायूने डोळे तरुण केले. या उपचारात दृष्टी काही काळ जवळच्या बाजूला झुकते, फलाटावरची पाटी पुसट होते आणि हातातले अक्षर स्वच्छ दिसते, पुढे ते मूळपदावर येते. हे सारे मला माहीत होते. पण मी गप्प राहिलो.

परवा सकाळी मी गेलो तेव्हा ते ओसरीवर पाय पसरून बसले होते, डोक्याला तेल चोपडलेले. वर्तमानपत्र हातभर लांब धरून पाहिले, जवळ आणून पाहिले, मग माझ्याकडे न बघता आत हाक मारली, "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?"