आणखी एक मणका वर

मानकोलीला महामार्गाच्या दोन्ही अंगांना गोदामं पसरली आहेत. दिवसभर गाड्या भरणाऱ्या हमालाची कंबर दुखणं इथे कुणाला नवल वाटत नाही. बाम चोळायचा, पट्टा आवळायचा, पुन्हा कामाला लागायचं. असा कुणी ‘रात्रीत पाय गेले’ म्हणत येतो, तेव्हा मणक्याच्या शल्यविशारदाला आधी त्या कंबरेवरून आपलंच लक्ष हटवावं लागतं.

मग टाचणी. बोटांपासून ती वर सरकते. टोचतंय का? आता?

बेंबीपर्यंत काहीच कळत नसेल, तर दुखणं छातीमागच्या मणक्यांत शोधायचं. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो, खाली उरतात नुसत्या नसा. तरीही पाय लुळे म्हणून फक्त कंबरेचा एमआरआय निघतो, त्यात काही सापडत नाही आणि मोलाचे तास जातात. अचानक आलेल्या लुळेपणात सुरुवातीला गुडघ्यावर हातोडी मारूनही पाय उडत नाही. तेव्हा भिस्त टाचणीवर आणि तुंबलेल्या लघवीवर.

मणक्यांच्या आत, मज्जारज्जूभोवतीच्या अरुंद जागेत क्वचित अँजिओलायपोमा निघतो : चरबी आणि रक्तवाहिन्यांची, कर्करोग नसलेली गाठ. ती हळूहळू वाढते. आत रक्तस्राव झाला, रक्त गोठलं, की पाय एकाएकी जाऊ शकतात.

क्ष-किरणांचा शोध १८९५चा. त्याआधी, १८८७मध्ये, लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयात विल्यम गॉवर्स यांनी एका कॅप्टनला नुसतं तपासून पाठीतल्या गाठीची जागा सांगितली. ९ जूनला व्हिक्टर हॉर्स्ली यांनी तिथे मणका उघडला. गाठ नव्हती! सहकाऱ्याच्या आग्रहावरून त्यांनी आणखी वरचं हाड काढलं, तेव्हा बदामाच्या आकाराची गाठ दिसली. कॅप्टन पुन्हा चालू लागला, कामावरही गेला.

टाचणी दाखवते ती खालची हद्द. छातीच्या पातळीवर मज्जारज्जूचा प्रत्येक भाग त्याच क्रमांकाच्या मणक्याहून वर असतो, आणि दाब वर असूनही संवेदना कधी बऱ्याच खालच्या पातळीपर्यंतच गेलेली असते. या कसबातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच : सापडलेल्या खुणेच्याही वर बघणं. छातीचे मणके दिसायला इतके सारखे, की आजही ऑपरेशनच्या टेबलावर एक्स-रे लावून ते मोजावे लागतात.

पायांत किती बळ परतेल, हे आधी किती उरलं होतं आणि दाब किती वेळ राहिला, यावर बरंचसं ठरतं. म्हणून मानकोलीच्या दवाखान्यातून ठाण्या-मुंबईला जाणाऱ्या चिठ्ठीवर ‘कंबरदुखी’ऐवजी ‘बेंबीखाली टाचणी कळत नाही, सकाळपासून लघवी बंद’ एवढं असलं, तरी पुढचा डॉक्टर थेट छातीचा एमआरआय मागवतो.